आज्जाची जीप भंगारात घालण्याआधी

तुमच्या घरी असेल, नाहीतर चुलत्याच्या वस्तीवर. गोठ्याच्या मागं, कडब्याच्या गंजीला टेकून, फाटक्या ताडपत्रीखाली. टायर मातीत रुतलेत, मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते आणि बॉनेटवर आई मिरच्या वाळत घालते. सोलापूर-विजयपूर हायवे सोडून मंद्रूपच्या आसपासच्या वस्त्यांवर फिरलात, तर अशी एखादी जीप दिसतेच. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘आज्जानं घेतली होती. आता चालत नाही.’ मग एक दिवस भंगारवाला येतो आणि भाव सांगतो. किलोच्या हिशोबानं.

रील्स बघून तुमच्या डोक्यात आलंच असेल की ही गाडी आपणच उभी करायची. मोठे टायर, समोर एलईडीची पट्टी, रंग आर्मी ग्रीन, नाद खुळा. थांबा जरा. त्यातल्या निम्म्या गोष्टी कायद्यात बसत नाहीत, त्यावर पुढं बोलूच. पण गाडी उभी करता येते, हे मात्र खरं. घरच्या घरी, अंगणात, सुट्ट्या आणि रविवार मिळून. आणि करायची असेल तर फार रेंगाळण्यात अर्थ नाही. दर पावसाळ्यात फ्लोअरचा पत्रा थोडा आणखी खाल्ला जातो, आणि त्या गाडीच्या खोडी ज्याला पाठ आहेत तो आज्जा किंवा गावातला जुना ड्रायव्हर दरवर्षी थोडा आणखी विसरतो.

आधी ती जीप नेमकी कोणती आहे ते ओळखा. लोक सगळ्यांनाच ‘विलीज’ म्हणतात. खरी विलीज दुसऱ्या महायुद्धातली. विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून तेव्हा सहा लाखांवर जीप बनवल्या. आपल्याकडं ती आली महिंद्रांमार्फत. गंमत बघा, १९४५ मध्ये ही कंपनी सुरू झाली ती पोलादाचा व्यापार करायला, आणि तिचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरलही झाले. इकडं १९४८ मध्ये पाटी बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झाली आणि मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायचं काम सुरू झालं. पंचायत समितीपासून साखर कारखान्यापर्यंत आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी ‘साहेबांची जीप’ म्हणून जी पाहिली, ती हीच.

आता टेप घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. ८० इंच भरलं आणि बॉनेट उंच, पेटीसारखं असेल, तर ती बहुतेक सीजे ३बी. हे मॉडेल विलीजनं १९५३ मध्ये आणलं. बॉनेट उंच का? नवं इंजिनच उंच होतं म्हणून. जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व खाली ब्लॉकमध्ये असायचे. नव्यात इनलेट व्हॉल्व वर हेडमध्ये नेले, एक्झॉस्ट खालीच ठेवले. ताकद साठ हॉर्सपॉवरवरून सत्तरीपार गेली, पण इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना. कंपनीनं नवी बॉडी काढायच्या भानगडीत न पडता बॉनेटच वर उचललं. सुंदर दिसत नाही म्हणून अमेरिकेत तिला नावं ठेवली गेली. आपल्याकडं कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. टेप ९१ इंच दाखवत असेल, तर तुमची जीप नंतरची, लांब चेसिसची. सीजे ५००डी किंवा एमएम ५४० असायची शक्यता जास्त.

हे मोजमाप नुसत्या हौसेचं नाही. कायद्याचा पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो.

पाना नंतर, फाइल आधी

पहिला रविवार गाडीजवळ घालवू नका, कपाटाजवळ घालवा. आरसी बुक शोधा. मग चेसिसवर कोरलेला नंबर वायर ब्रशनं हळू साफ करा, त्यावर कागद धरून पेन्सिल घासा आणि ठसा घ्या. इंजिनचा नंबरही बघा. दोन्ही आरसीशी जुळतात का? नंबर जुळत नसेल किंवा चेसिसचा नंबर ग्रायंडरनं उडवलेला असेल, तर काम तिथंच थांबवा. तुमची चूक नसेलही, पण अशा गाडीवर एक रुपयाही घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी आज्जाच्या नावावर आहे आणि आज्जा हयात नाहीत, तर वारसानं ती फॉर्म ३१ भरून आपल्या नावावर करून घ्यावी लागते. कागद जमवताना काका-आत्यांची संमतीही विचारावी लागेल. सध्या किलोच्या भावाची वाटणारी ही वस्तू चकचकीत झाल्यावर अचानक सगळ्या भावकीची होते, तेव्हा हे बोलणं आधीच झालेलं बरं.

आता खरा पेच. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढं नूतनीकरणाला ५,००० रुपये. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोज कॉलेजला नेता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. भाड्यानं देणं तर नाहीच.

आपल्या भागातल्या किती जीप यात बसतील? फार थोड्या. कारण पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडं जीपमधलं मूळ इंजिन काढून डिझेल बसवायची रीतच पडली होती. ते इंजिन बसलं की ‘मूळ रूप’ संपलं. आणि ते बदललेलं इंजिन, बदललेलं इंधन आरसीवर चढवलेलंच नसेल, तर साधी नोंदणीही अडकते.

गाडी ५० वर्षांच्या आतली असेल किंवा व्हिंटेजमध्ये बसत नसेल, तर दुसरा रस्ता आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर फिटनेस तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवून घेता येते. चारचाकीची ही फी २०२२ मध्ये ५,००० रुपये झाली, आणि २० वर्षांपुढच्या गाड्यांना २०२५ मध्ये ती १०,००० केली. शिवाय पर्यावरण कर, इन्शुरन्स आणि पीयूसी. मुदत संपून बरीच वर्षं झाली असतील तर दंडाचा आकडा सोलापूरच्या आरटीओ ऑफिसात स्वतः जाऊन विचारा. एजंटला फोन करून नको. त्या आकड्यावरच पुष्कळदा ठरतं की ही जीप रस्त्यावर येणार की फक्त शेतात फिरणार.

आणि तो आर्मी ग्रीन? मोटार वाहन नियमांत ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. खासगी गाडीला तो द्यायचा नाही. हौशी लोक देतात, आणि नाक्यावर पावतीही फाडतात.

मोठे टायर, कापलेली बॉडी, दुसऱ्याच कंपनीचं इंजिन, हेही असंच. हरियाणातलं मंडी डबवाली जीप ‘बनवून’ देण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे, व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. पण कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका कारागिरानं भंगारातल्या भागांतून, दुचाकीचं इंजिन लावून, किक मारली की सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नाही आणि कधीतरी अडवली जाईल हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये त्या कुटुंबाला बोलेरो मिळाली. सगळ्यांच्या नशिबी बोलेरो नसते, हे लक्षात ठेवा.

जाम इंजिन आणि हँडल

कागद जमले? मग आता हात काळे करू.

पहिला मोह असतो नवी बॅटरी लावून सेल्फ मारायचा. मारू नका. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असतात. जोर लावला तर रिंग मोडते, आणि मग काम हजारांतून लाखाकडं सरकतं. चारही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण थोडं थोडं ओता आणि गाडी विसरून जा. चार दिवस, आठ दिवस. सेमिस्टरचा एखादा पेपर होऊ द्या. मग हँडल घ्या. जुन्या जीपला समोरून हँडल मारायची सोय असते, आणि इंजिन हातानं जोखायला त्याहून चांगलं अवजार नाही. हलकेच मागं-पुढं करा. केसभर जरी हललं तरी जिंकलात.

हँडल धरायची एक रीत आहे, जुने ड्रायव्हर न चुकता सांगतात. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही. आणि हँडल खालून वर ओढायचं. पुढं प्लग लावून स्टार्ट करताना इंजिननं उलटा झटका मारला, तर हँडल बोटांतून सुटून जातं. मूठ वळलेली असेल तर अंगठा जातो.

आपल्या भागात इंजिनचा मोठा शत्रू मात्र पाणी आहे. कोकणात जीप खाऱ्या हवेनं गंजते. आपली हवा कोरडी, त्यामुळं मंद्रूपमधल्या जीपचा पत्रा त्या मानानं टिकतो. पण आपण रेडिएटरमध्ये आयुष्यभर काय ओतलं? बोअरचं जड पाणी. त्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या आत थर धरून बसतात. बाहेरून सगळं ठाकठीक, आणि एप्रिलमध्ये ४२ अंशांत दहा मिनिटं चालवली की काटा लालमध्ये. रेडिएटर काढून कारागिराकडून उघडून साफ करून घ्या, ब्लॉक पाण्याच्या प्रेशरनं उलटा धुवा आणि पुढं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा. हा खर्च वाचवणारे लोक नंतर हेड गॅस्केटवर खर्च करतात.

टाकीत जुनं पेट्रोल असेल तर वासावरूनच कळेल, व्हार्निशसारखा आंबूस उग्र वास येतो. ते काढा. टाकीत मूठभर नट आणि थोडं डिझेल घालून खळखळवलं की आतला गंज सुटतो. टाकीला भोक असेल तर वेल्डिंगवाल्याकडं नेऊ नका. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफच स्फोट करते. असले अपघात ‘पाच मिनिटांचं काम आहे’ म्हणतानाच होतात.

आता जिल्ह्याच्या अभिमानाची एक गोष्ट, जी जुन्या जीपला मात्र मानवत नाही. आपल्या उसापासून बनणारं इथेनॉल पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जातंय. ते हवेतलं पाणी शोषतं आणि जुन्या पद्धतीचं रबर फुगवून सैल करतं. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरचे वॉशर, सगळे पाइप बदलताना ‘इथेनॉलला चालणारं द्या’ असं दुकानदाराला स्पष्ट सांगा. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला भेटा

विलीजचे पार्ट मंद्रूपमध्ये कुठं मिळणार, असं वाटत असेल तर तुमच्या शेतातल्या ट्रॅक्टरकडं बघा. महिंद्रांच्या जुन्या डिझेल जीपमधलं इंजिन मुळात बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. हा ट्रॅक्टर इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीतल्या कंपनीचा, आणि ती कंपनी १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली. त्यामुळं तुमच्या जीपमध्ये हे इंजिन असेल, तर गावचा ट्रॅक्टर मिस्त्री ते डोळे झाकून उघडतो. पिस्टन, लायनर, गॅस्केट यांसाठी मुंबई-पुण्याला पळायचं कारण नाही. एमएम ५४० मध्ये फ्रेंच प्यूजोच्या घराण्यातलं डिझेल इंजिन आलं, त्याचे जाणकार जरा शोधावे लागतात.

पत्र्याचंही तसंच. ट्रॅक्टरची ट्रॉली बनवणारा फॅब्रिकेटर जीपचा सरळसोट फ्लोअर तुमच्या डोळ्यांसमोर कापून वाकवून देतो. जीपच्या बॉडीत आजच्या कारसारखी वळणं नाहीत, हा तिचा मोठेपणा. फक्त एक पथ्य: सडलेला पत्रा कापल्याशिवाय त्यावर पुट्टी लावू देऊ नका. ड्रायव्हरच्या पायाखाली, बॅटरीच्या खाली आणि चेसिसच्या आडव्या दांड्यांत काळी माती साचून ओल धरते. गंज तिथंच असतो. स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. आत गेला तर कापा.

गिअरबॉक्स आणि फोर बाय फोरची पेटी शक्यतो स्वतः उघडू नका. ऑइल बदला, आवाज ऐका, जाणत्याला दाखवा. चालवताना मात्र दोन गोष्टी लक्षात असू द्या. या जुन्या तीन गिअरच्या पेटीत पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणजे गाडी चालू असताना पहिला टाकला की दात करकरणार. आणि फोर बाय फोरचा लिव्हर डांबरी रस्त्यावर ओढायचा नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग तो ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो आणि लिव्हर अडकून बसतो. भीमाकाठच्या पावसाळी काळ्या मातीत ओढा, त्याचसाठी तो दिलाय.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच, ब्रेक. या जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि सगळ्यांना मिळून तेलाची एकच लाइन. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक एकदम जातात. आजच्या कारमध्ये दोन लाइन असतात, जीपला ती चैन नाही. म्हणून मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर आणि होज पाइप नवेच घ्या, नुसत्या वॉशर किटवर भागवू नका. बजेट कमी असेल तर रंग पुढच्या वर्षी द्या, सीट फाटकी राहू द्या. ब्रेकवर तडजोड नाही. आणि ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरचा पाइपही लावू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. पाण्यानं भिजवून फडक्यानं पुसा, आणि ते फडकं टाकून द्या.

किती खर्च येईल? कुणी छातीठोक आकडा सांगत असेल तर तो काहीतरी विकतोय. एक मात्र करा. जो भाग काढाल त्याचा आधी फोटो, मग पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. अर्धवट सुटलेल्या आणि तशाच विकल्या गेलेल्या जीपमध्ये पैसे संपण्यापेक्षा ‘हा बोल्ट कुठला’ हे न कळण्यानं जास्त घात होतो. कॉलेजात ‘बाहा’ स्पर्धेसाठी एटीव्ही बनवणारी टीम असेल तर एखाद्या रविवारी त्यांना वस्तीवर बोलवा, हुरड्याचं आमिष पुरतं. आयटीआयला मोटार मेकॅनिक करणारा जुना वर्गमित्र त्यांच्याहून जास्त उपयोगी पडेल, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

कामाला डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर अंगणातल्या पत्र्याला हात लावता येत नाही, आणि मेच्या उन्हात पेट्रोलची पाइपमध्येच वाफ होऊन चांगलं इंजिनही बंद पडतं. इंजिन सुरू झालं की पहिले आठ दिवस शेतरस्त्यावरच फिरवा, कागद पूर्ण होईपर्यंत हायवेला चाक लावू नका. दर फेरीनंतर खाली कागद टाकून बघा, ऑइल कुठून ठिबकतंय ते. पाचेकशे किलोमीटर झाले की ऑइल बदला आणि हेडचे बोल्ट मिस्त्रीकडून पुन्हा मापात कसून घ्या.

आणि जूनच्या आत हूड शिवून घ्या. कॅनव्हास शिवणारे कारागीर सोलापुरात मिळतील. गाडी अजून रस्त्यावर काढता येत नसेल, तर हूडच्या कमानी सोडून टेम्पोत घाला आणि मापाला नुसत्या त्याच न्या.